स्पर्धेआधीची वैद्यकीय तपासणी: या चुका टाळा

तालुका स्पर्धांच्या तारखा लागल्या की ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत ट्रॅकपँट घातलेल्या पोरापोरींची रांग लागते. केस पेपर काढायचा, डॉक्टरांसमोर उभं राहायचं, "काही त्रास?" "नाही सर." शिक्का. संघटनेचं ओळखपत्र असो, स्पर्धेचा परवाना असो की प्रवेशिकेला जोडायचं फिटनेस सर्टिफिकेट, बहुतेक ठिकाणी काम असंच उरकलं जातं. यात डॉक्टरांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. समोर शंभर पेशंट, आणि शाळेचे पीटी सर एकदम वीस पोरं घेऊन उभे! पण यातल्या अनेक मुलांची छाती कोणी नीट ऐकण्याची ही पहिलीच वेळ असते. ती वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक: "नाही"च्या रकान्यात एकच उभी रेघ

अर्जासोबत प्रश्नांचं एक पान असतं. धावताना कधी चक्कर आली का, छातीत दुखलं का, दम लागतो का, फीट येते का, घरात कोणाला हृदयविकार आहे का. हे पान बरेचदा शाळेतच भरलं जातं, तेही सगळ्या मुलांचं एकाच बैठकीत आणि एकाच पेनने. "नाही"च्या रकान्यात वरून खालपर्यंत एक रेघ ओढली की झालं. मुलाने प्रश्न वाचलेला नसतो, आईबापाला ते पान दाखवलेलंही नसतं.

इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला कायद्याने तपासणी बंधनकारक आहे आणि तिच्यात ईसीजीही येतो. तिथल्या व्हेनेटो भागात 1979 ते 2004 या काळात तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू 89 टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. आपल्याकडे प्रत्येक कबड्डीपटूचा ईसीजी निघेल तेव्हा निघेल. प्रश्न विचारायला मात्र ना मशीन लागतं ना पैसा. म्हणून ते पान घरी पाठवा आणि आईसमोर, आजीसमोर बसून भरा.

प्रश्नही गावच्या भाषेत विचारायला हवा. "कुटुंबात हृदयविकाराचा इतिहास आहे का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाही जी." त्याऐवजी असं विचारा: घरातलं, नात्यातलं कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? चांगला पोहणारा माणूस विहिरीत बुडून गेला का? झोपेतच कोणी गेलं का? तेव्हा आजी सांगते, मोठ्या काकाचा पोरगा वावरात काम करता करता पडला, लोक म्हणाले पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, पण अंगावर डंख कुठे दिसला नाही. हृदयाच्या विजेत किंवा स्नायूत असलेले काही दोष पिढीजात असतात. त्यातला एक तर नेमका पोहताना जीव घेऊ शकतो. घरात साप, विहीर, बाहेरची बाधा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे. तिचा अर्थ काय लावायचा ते डॉक्टर ठरवतील.

चक्कर कधी आली, हेही नीट सांगा. प्रार्थनेला उन्हात उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते बहुतेक वेळा साधं असतं. ऐन धावेत, चढाई करताना कोसळला असेल तर त्या मुलाला हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानात उतरवू नका. "उपाशी होता म्हणून पडला" असं म्हणून तो विषय मिटवू नका.

काही मुलांना लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले असतात आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू असतं. त्यावर आईचं म्हणणं असतं, "लिवू नका न जी सर, नाव कटन पोट्ट्याचं." तिची भीती खरी आहे. नाव कटण्याची धास्ती सगळ्या घरालाच असते. पण हे इंजेक्शन हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी असतं. झडपेला इजा झाली आहे का आणि झाली असेल तर कोणता खेळ चालेल, हे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिल्याशिवाय कळत नाही. लपवल्याने झडप बरी होत नाही.

सिकलसेल: दोन्ही बाजूंनी होणारी चूक

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट आणि खरं तर अख्ख्या विदर्भात सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या पिढीजात आजाराचा, प्रश्न विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होऊच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी बऱ्याच अर्जांवर तो नसतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते, त्यामुळे अनेक मुलांकडे कार्ड आधीच आहे. ते घरच्या पत्र्याच्या पेटीत पडून राहतं, डॉक्टरांपर्यंत जातच नाही.

पहिली चूक रिपोर्टबद्दलची. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची प्राथमिक चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. मूल वाहक, म्हणजे एएस आहे की रुग्ण, म्हणजे एसएस, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावी लागते. अर्धवट रिपोर्टवर मुलाच्या खेळाचा निकाल लावू नका.

दुसरी चूक म्हणजे एएस वाचून घाबरणं आणि मुलाला संघातून काढणं. वाहक मूल खेळू शकतं. मैदानावरचं त्याचं वेळापत्रक मात्र थोडं वेगळं हवं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जोराची मेहनत नको. एकामागून एक स्प्रिंट नकोत, मध्ये पुरेशी विश्रांती हवी. पाणी जवळ हवं. ताप किंवा हगवण असताना सराव बंद. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा हे कटाक्षाने पाळायचं.

तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे. असं मूल सराव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात "पायात जीवच नाही" म्हणत खाली बसतं. मांडी दाबून पाहिली तर मऊ लागते, गोळा आल्यासारखी दगडी झालेली नसते. शुद्ध असते, बोलत असतं. पाहणाऱ्याला वाटतं नाटक करतंय, आणि त्याला ओरडून उठवलं जातं. ते करू नका. सराव तिथेच थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, आणि पाच-दहा मिनिटांत तरतरी आली नाही तर 108 ला फोन लावा. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य "पोरगा सिकलसेल वाहक आहे" हेच असू द्या.

एसएस असलेल्या मुलाचा निर्णय मात्र त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. तो पीटी सरांनी घेऊ नये आणि आईवडिलांनीही नाही.

याच ओघात हिमोग्लोबिनचं. मोठ्या मुलींमध्ये 12 च्या खाली आणि तरुण मुलांमध्ये 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय. नऊ-साडेनऊ हिमोग्लोबिनवर 1500 मीटर धावणाऱ्या मुलीला "दम कमी पडतो तुझा" म्हणून जास्त पळवणं हा तिच्यावर अन्याय आहे. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत. आणि सिकलसेलचा रुग्ण असेल तर गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत, शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

तपासणीच्या दिवशी

गावाहून सायकल दामटत यायचं, चहा मारायचा आणि धापा टाकत बीपीसाठी हात पुढे करायचा. मग 150 आलं की घरात रडारड. पाच मिनिटं शांत बसा, लघवीला जाऊन या, पाय जमिनीवर टेकवा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका. अर्धा तास आधी चहा नको. पैलवानाच्या जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा फुगतो, अशा वेळी मोठा पट्टा मागायला लाजू नका. तरीही जास्त आलं तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या.

आदल्या दोन दिवसांत जोर-बैठका, लांब धाव, वजन उचलणं बंद ठेवा. जबर मेहनतीनंतर लघवीत प्रथिनं किंवा रक्त दिसू शकतं. यकृताच्या तपासणीतला एसजीओटी तर स्नायूंमुळेही वाढतो, आणि मग पोरगा उगाच काविळीच्या औषधाला लागतो. डॉक्टरांना "परवा सराव केला होता" एवढं सांगितलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीन स्वतःच काहीतरी छापतं. "ॲबनॉर्मल" एवढा शब्द वाचून लोक हातपाय गाळतात. रोज मेहनत करणाऱ्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला 45-50 असू शकतात, आणि खेळाडूच्या हृदयात दिसणारे आणखीही काही बदल निर्दोष असतात. उलट मशीनने "नॉर्मल" छापलं म्हणून कागद घडी करून खिशात घालणंही चूकच. डॉक्टरांनी तो वाचला पाहिजे, आणि "हा रोज दोन तास धावतो" हे त्यांना माहीत पाहिजे.

हिवतापातून उठलेल्या मुलाला लगेच कबड्डीत घालू नका. वाढलेली पाणथरी (प्लीहा) धक्क्याने फुटू शकते. पोट तपासून घ्या.

कातडी आणि मेडिकलवरची ट्यूब

कुस्तीत वजनाआधी कातडी पाहतात, आणि संसर्गजन्य काही दिसलं तर पैलवान वजनकाट्यापर्यंतही पोचत नाही. इथे चूक महिनाभर आधीच झालेली असते. गजकर्ण झालं की मेडिकलवरून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणायची. खाज दोन दिवसांत थांबते, डाग फिका पडतो आणि खालून पसरत राहतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, पूर्ण कोर्स करा, लंगोट-टॉवेल वेगळे ठेवा. आखाड्यातल्या सगळ्यांचे उपचार एकदम झाले नाहीत तर ते फिरून येतंच.

औषधांबाबत आणखी एक, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीकडे निघालेल्यांसाठी. खोकल्याच्या अनेक साध्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, आणि ते उत्तेजकांच्या बंदी यादीत बाराही महिने आहे. अंगदुखीसाठी गावात सर्रास मिळणारी डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची, गोळी किंवा इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. दम्याचा सालब्युटामॉल पंप ठरलेल्या मात्रेत चालतो. म्हणून तपासणीला जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आणि "मी खेळाडू आहे" हे औषध लिहून घेण्याआधी सांगा. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, "नो युवर मेडिसिन" हे ॲप मोबाइलवर आहे, त्यात औषधाचं नाव टाकून पाहता येतं.

कागद

यात फार सांगण्यासारखं नाही, पण अर्ज परत येतात ते यामुळेच. कोणत्या डॉक्टरची सही चालते ते आधी वाचा. एमबीबीएस लिहिलं असेल तर एमबीबीएसच हवा, घराजवळचा ओळखीचा डॉक्टर चालणार नाही. सहीखाली नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. फोटोवर अर्धा शिक्का आला पाहिजे. नाव आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच. सर्टिफिकेट किती दिवस जुनं चालतं तेही पाहा, पण म्हणून शेवटच्या दिवशी जाऊ नका. पुढची तपासणी लागली तर हातात वेळच उरत नाही.

"अनफिट" लिहिलं तर

इथे लोक दोनपैकी एक करतात. मुलाचा खेळ कायमचा बंद करतात, नाहीतर दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या डॉक्टरकडून "फिट" लिहून आणतात. दुसरा रस्ता फार घातक. डॉक्टरांना सरळ विचारा: नेमकं काय सापडलं, कोणती तपासणी हवी, तोवर हलका सराव चालेल का, परत कधी येऊ. उत्तरं केस पेपरवर लिहून मागा. जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम अशा ठिकाणी पाठवलं तर जुना ईसीजी आणि सिकलसेलचं कार्ड सोबत न्या. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक शाळेत येतं, आणि हृदयाचा दोष निघाला तर पुढच्या उपचारांची सोय त्यातून होऊ शकते. मुख्याध्यापकांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. मोठ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार पिशवीत ठेवा. बसचं तिकीट काढण्याआधी इको कोणत्या वारी होतो, ते फोन करून विचारून घ्या.