रोजच्या भाताला तुकडा तांदूळ

अख्ख्या आंबेमोहराचा भाव महिन्याच्या वाणसामानात जड जातो. मऊ भात, खिचडी, पेज, इडली-डोशाचं पीठ यांना अख्खं शीत लागतच नाही. तिथे त्याच तांदळाचा तुकडा घ्या. वास तोच, भाव बराच कमी.

१. वाण्याकडे ‘आंबेमोहर तुकडा’ असं नाव घेऊन मागा. नुसती ‘कणी’ म्हटलं तर कुठलीही मिसळलेली मिळू शकते.
२. आधी अर्धा किलोच आणा, एक वाटी शिजवून बघा. आवडला तरच पाच किलो.
३. बारीक चाळणीत धुवा, नाहीतर निम्मी कणी पाण्याबरोबर मोरीत जाते.

पुलावासाठी मात्र अख्खा तांदूळच हवा. तुकड्याचा गोळा होतो. आणि पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढाच भरा, तुकड्याला कीड लवकर लागते.