ठाणे-नवी मुंबईत स्वसंरक्षणासाठी .२२ची रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घरात ठेवायची असेल तर

आधीच सांगतो, .३२ हातात नीट पेलत असेल तर .३२च घ्या (.२२, .३२ हे नळीच्या भोकाचं साधारण माप, इंचात). .२२ त्यांच्यासाठी, ज्यांच्या बोटात संधिवात आहे, मनगट दुखतं किंवा झटका बसला की डोळेच मिटतात. ऐरोलीच्या आमच्या एका काकांची .३२ची दुसरी गोळी दरवेळी टार्गेटच्या वरून जायची, .२२ हातात दिल्यावर सगळ्या कागदावर बसल्या. बारीक गोळी जागेवर लागलेली बरी, मोठी भिंतीत गेली तर काय उपयोग.

लायसनचं थोडक्यात: ठाण्यात ठाणे शहर आणि इकडे नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. अर्ज ए-१ फॉर्मवर, ऑनलाइन, मग लोकल पोलीस स्टेशनचं व्हेरिफिकेशन. जीवाला धोका आहे असं नुसतं लिहून भागत नाही, तक्रारीच्या कॉप्या वगैरे जोडा. लायसन ५ वर्षांचं असतं आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे दोनच हत्यारं ठेवता येतात. कोणी स्वस्तात बेकायदा गावठी कट्टा देतो म्हणाला तर तिथून निघा.

आता मुख्य मुद्दा. .२२चं काडतूस उलटं करून बूड बघा, एकदम गुळगुळीत, .३२ सारखी मधोमध टोपी नाही. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते, म्हणून झाडलेल्या पुंगळीच्या काठावर चेपल्यासारखी खूण दिसते. हा मसाला कारखान्यात काडतूस गरगर फिरवून कडेत पसरवतात, आता एखाद्या ठिकाणी तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथंच बसली की नुसतं खट्ट, बाकी काही नाही. तेच काडतूस थोडं फिरवून परत मारलं तर बऱ्याचदा उडतं!! पण समोर माणूस उभा असताना फिरवत कोण बसणार.

म्हणून माझं मत रिव्हॉल्वर. खट्ट झालं तर चाप परत ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची 'निडर' रिव्हॉल्वर .२२चीच, ८ गोळ्यांची आणि साधारण २५० ग्रॅमची, पण चाप कडक लागतो, घ्यायच्या आधी रिकामी ओढून बघा, डीलरला विचारूनच हां, कारण .२२ रिकामी वाजवली की पिन चेंबरच्या काठावर आपटू शकते. स्नॅप कॅप (दारू नसलेलं सरावाचं काडतूस) घाला. पिस्तुलात खट्ट झालं तर स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढावी लागते, अंधारात, घाबरलेल्या हातांनी. वर मॅगझीनमध्ये कडेत कड अडकते ती वेगळीच, भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी.

गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), गोल नाकाची, सॉलिड. होलो पॉइंटच्या (पोकळ टोकाची, लागल्यावर फुलणारी गोळी) नादी लागू नका, आखूड नळीतून वेग कमी मिळतो, ती धड फुलतही नाही आणि आतही कमी जाते. पिस्तूल असेल तर हाय व्हेलॉसिटी म्हणजे जास्त वेगाची काडतुसं, नाहीतर स्लाइड पूर्ण मागे येत नाही. जी घरात ठेवणार त्याच पेटीतल्या आधी शूटिंग रेंजवर भरपूर मारून बघा. रेंजवर खट्ट झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, कधी कधी उशिरा उडते. आणि .२२ला खेळणं म्हणणाऱ्यांना सांगा, नेमबाज राही सरनोबतने २०१८ला एशियन गेम्सचं गोल्ड .२२नेच मारलंय.

आपल्याकडे खाडीची हवा, त्यात पावसाळा. काडतुसं हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, चामड्याच्या पट्ट्यात ठेवलीत तर पितळ हिरवं पडतं. तेलाचे हात काडतुसाला नको. दर पावसाळ्यानंतर जुनी रेंजवर संपवून नवी भरा, आणि रेंजवरून आलात की आधी हात धुवा, शिसं असतं.

कायदा: भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४, आणि ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको. चोर जिन्याने पळत सुटला तर मागून गोळी नाही. धमकवायला हवेत पण नाही. फ्लॅटचं प्लायवूडचं दार .२२सुद्धा पार करते, पलीकडे शेजाऱ्यांची मुलं असतात.

निवडणूक लागली की हत्यार जमा करायचा आदेश निघू शकतो, तेव्हा पावतीवरचा नंबर हत्यारावरच्या नंबरशी ताडून घ्या आणि परत आणलंत की सिलिंडर (काडतुसांची फिरकी) उघडून आत काही राहिलंय का ते बघूनच कपाटात ठेवा.