'ऑरेंज'मधून तेरा अक्षरी शब्द

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर कोण निघतं? कूलरसमोर पोट्टे शब्दांचा खेळ मांडतात: दिलेली अक्षरं ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधा. आपल्या संत्र्याचंच 'ऑरेंज' घ्या. ओ, आर, ए, एन, जी, ई. सुरुवातीपासून जुळवत बसू नका, आधी शेपूट लावा. 'एशन' (ए-टी-आय-ओ-एन) लावलं की ए, ओ, एन तिथेच खपतात. उरतात आर, जी, ई. मग 'जनरेशन' 10 अक्षरी, 'इंटिग्रेशन' 11, आणि 'रेफ्रिजरेशन' चक्क 13! जमलं नाही तर 'मेंट', 'नेस', 'आयएनजी' लावून पाहा. तीच सहा अक्षरं उलटसुलट केली तर 'ऑनेजर', म्हणजे रानगाढव. यावर भांडण ठरलेलंच. डिक्शनरी हाताशी ठेवा.