मोची आणलीय ना? मग आधी ती फ्रिजमधून बाहेर काढा

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इमरमनश्ट्रासे या रस्त्यावर जपानी दुकानं आहेत, तिथून मी गेली कित्येक वर्षं मोची, म्हणजे चिकट तांदळाची मऊ जपानी मिठाई, आणतेय आणि दर वेळी कुणीतरी नवीन आलेलं मराठी कुटुंब तीच मोची नेतं, वाट लावतं आणि मला येऊन सांगतं, "रबर खाल्ल्यासारखं लागलं गं." (आईला फोनवर मोची आणली म्हणाले तर म्हणे, का, चप्पल तुटली?) म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिल्यांदा अझुकीच्या सारणाचीच घ्या, तिला दाइफुकु म्हणतात. लाल बिया शिजवून साखर घालून घोटलेलं सारण, पुरणाच्या बरंच जवळ. माचा-बिचा (हिरव्या चहाच्या पुडीची) नंतर.

व्हेज असाल तर मागचा जर्मन स्टिकर वाचा. तांदळाची आहे म्हणजे व्हेजच, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, काही प्रकारांत जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग असतो. तारीख जपानी छपाईची असेल तर वर्ष आधी येतं, म्हणजे २५.०३.०४ हा २०२५ चा ४ मार्च. आमच्याकडे नवऱ्याने ते पाकीट २००४ चं समजून कचऱ्यात टाकलं होतं.

आता खरी गोम. साध्या सारणाची मोची फ्रिजमध्ये ठेवायची नाही. नाही म्हणजे नाही, "गोड आहे, खराब होईल" वगैरे काही नाही, ती बंद पाकिटात बाहेरच टिकते, दुकानातही बाहेरच्या फळीवर असते. मी पहिल्या वेळी फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दिली आणि सगळे नुसते चावत बसले. कारण उकडीच्या मोदकाचं असतं तेच, गार पडलं की तांदळाचा स्टार्च आवळत जातो आणि फ्रिजच्या थंडीत तर सगळ्यात लवकर. कालचा भात आठवा.

मग कुणीतरी सांगितलं की तीस सेकंद मायक्रोवेव्ह कर. केलं. वरचं आवरण ताटलीला फेविकॉलसारखं चिकटलं आणि आतलं सारण इतकं तापलेलं की जीभ दोन दिवस भाजलेली. हा सल्ला देणाऱ्यांनी मोची कधी हातात तरी घेतलीय का, मला शंका आहे. कडक झालीच असेल तर पाण्याचा हात लावा, वर काचेची वाटी पालथी घाला, मायक्रोवेव्हमध्ये फक्त दहा सेकंद, आणि मग मिनिटभर हात लावू नका, सारण आवरणापेक्षा जास्त तापलेलं असतं. उरलेल्या ठेवायच्याच असतील तर एकेक घट्ट गुंडाळून सरळ फ्रिझरमध्ये टाका, खायच्या आधी तासभर बाहेर काढा. आइस्क्रीमवाली मोची वेगळी, ती फ्रिझरचीच.

खाताना अख्खी तोंडात कोंबू नका, व्हिडिओत काहीही दाखवू देत. तो तांदूळ भयंकर चिकट असतो, जपानमध्ये दर नवीन वर्षाला म्हाताऱ्या माणसांच्या घशात मोची अडकते म्हणून इशारे देतात. चार घास करा, नीट चावा, लहान मुलांना आणि दात नसलेल्या आजी-आजोबांना देऊच नका. सोबत बिनसाखरेचा चहा.

आणि काळा कुर्ता घालून बसू नका, वरची पांढरी पूड सगळीकडे होते.