खालच्या मजल्यावर नवं बाथरूम: टाइल्सच्या आधी चेंबरचं झाकण उघडा

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जिना चढवेना तेव्हा जिन्याशेजारची अडगळीची खोली रिकामी करून तिथे बाथरूम करायचं ठरलं. घरात टाइल्सच्या रंगावर चर्चा सुरू झाली. मी मात्र पहिल्या दिवशी अंगणातल्या चेंबरचं, म्हणजे सांडपाण्याचे पाइप जिथे येऊन मिळतात त्या खड्ड्याचं, झाकण उघडायला लावलं. पाणी कुठे आणि किती खोलावर जाणार हे कळल्याशिवाय कमोड कुठे बसणार हे ठरवताच येत नाही. वरच्या मजल्यावर पाइप स्लॅबखालून नेता येतो, पण खालच्या मजल्यावर जमिनीतून जेवढी खोली मिळेल तेवढ्यातच भागवावं लागतं.

ही खोली मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल पाइप पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. बाथरूमची तयार फरशी जिथे येणार (कोबा, मसाला, टाइल सगळं धरून) तिथून बरोबर १ मीटर वर भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा. नळीचं एक टोक त्या रेघेला लावून दुसरं चेंबरपाशी न्या आणि तीच पातळी काठीवर घ्या. तिथून टेप खाली सोडायची ती चेंबरमधल्या पाइपच्या आतल्या तळापर्यंत, झाकणापर्यंत नव्हे. आमचं माप १६५ सेंटिमीटर आलं. वरचे १०० वजा केले, म्हणजे फरशीखाली ६५ सेंटिमीटर मिळाले.

आता ढाळ. कमोडच्या ११० मिलिमीटर पाइपला ४० ला १ धरा, म्हणजे मीटरला अडीच सेंटिमीटर, जवळजवळ एक इंच. अंतर पाइप ज्या वाटेने जाणार त्या वाटेने मोजा, सरळ रेषेत नको. आमचं ९ मीटर भरलं. ९ गुणिले अडीच म्हणजे साडेबावीस. पासष्टातून ते गेले, कमोडखाली साडेबेचाळीस उरले. त्यात ११ सेंटिमीटरचा पाइप, वरचा बेंड (वळणाचा तुकडा) आणि नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) आरामात बसतात. हेच अंतर २० मीटर असतं तर ५० सेंटिमीटर ढाळातच गेले असते, आणि उरलेल्या पंधरात बेंडसुद्धा बसला नसता. मग बाथरूमची जागा बदला, नाहीतर फरशी उचला. फरशी उचलली की दारात पायरी येते. ज्यांच्यासाठी बाथरूम करतोय त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून मी ती नाकारली असती. मोटर लावून मैला वर ढकलणारे पंप मिळतात, पण वीज गेली की ते थांबतात. दुसरा मार्गच नसेल तरच त्यांच्याकडे वळा.

मापं हातात आल्यावर कमोड बाहेरच्या भिंतीला लावायचा, हे आपोआप ठरलं. नहाणी आणि बेसिन त्याच बाजूला घेतले. जितके बेंड कमी, तितकं कमी तुंबतं. वळण घ्यायचंच असेल तर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा, आणि दोन पाइप जोडताना काटकोनातल्या सरळ टीऐवजी तिरका वाय जोड घ्या, म्हणजे पाणी वाहत्या दिशेने मिसळतं. जिथे दिशा बदलते तिथे झाकण असलेला डोअर बेंड किंवा छोटं चेंबर ठेवा, आणि ते फरशीखाली गाडू नका.

वरच्या मजल्याचा उभा पाइप तिथूनच उतरत असेल तर खालचा कमोड त्याच्या पायथ्याशी जोडायचा मोह होतो. तो टाळा. वर कोणी फ्लश केलं की उभ्या पाइपात पडणारं पाणी हवा पुढे ढकलतं आणि खालच्या ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो, कधी पाणी उसळतंही. खालच्या मजल्याची लाइन स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्या. तिला व्हेंटही, म्हणजे हवा जाण्या-येण्याचा उभा पाइपही हवा, आणि तो छपराच्या वर, खिडक्यांपासून दूर निघू द्या.

नहाणी ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. तेच पाणी गटाराचा वास अडवतं. बेसिनचा पाइप त्या ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात सोडला तर हात धुतल्याचं पाणी ट्रॅप भरता ठेवतं. बाथरूम फक्त पाहुण्यांसाठी असेल तर आठवड्याला एक तांब्याभर पाणी जाळीत ओतायची सवय लावून घ्या.

आणखी एक तपासणी अनेक जण विसरतात. चेंबरचं झाकण बाथरूमच्या फरशीपेक्षा उंच आहे का? उंच असेल तर मुख्य गटार तुंबल्यावर मैला झाकणातून अंगणात न येता आधी तुमच्या नहाणीतून वर येईल. अशा घरी उलट्या प्रवाहाला अडवणारी झडप लागते, आणि ती हात पोचेल अशा चेंबरमध्येच बसवा, कारण ती साफ करावी लागते.

आता चर खणणं. इथे आमची चूक झाली आणि ती मला अजून लागते. पाइपची दोन्ही टोकं मापात होती, पण मधला भाग भुसभुशीत भरावावर टेकला होता. महिन्याभरात कमोडमधलं पाणी सावकाश उतरू लागलं. उकरून पाहिलं तर पाइपला मधोमध पोट आलेलं, त्यात दोन बोटं घाण पाणी साचलेलं. नवी फरशी फोडताना अण्णा दारात गप्प उभे होते. तेव्हा चराचा तळ नीट ठोकून घ्या, वर १० सेंटिमीटर वाळू पसरा, ओळीची दोरी बांधा आणि दर मीटरला स्वतः माप घ्या. प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची तुळई) फोडू द्यायचा नाही. पाइप बीमच्या खालून न्या. पायाच्या भिंतीतून न्यायचा असेल तर मोठ्या नळीचा तुकडा बसवून त्यातून न्या, म्हणजे भिंत थोडी खचली तरी पाइपवर भार येत नाही.

कमोडचं भोक ठरवताना माप टाइल लावलेल्या भिंतीपासून घ्यायचं. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच सहज खातात. कमोड आधी निवडा, त्याच्या कागदावरचं माप प्लंबरच्या हातात द्या, मगच बेंड बसवा.

चर बुजवण्याआधी चेंबरकडचं तोंड बंद करून लाइन कमोडच्या तोंडापर्यंत पाण्याने भरा, पातळीवर खडूची खूण करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पाणी खुणेवर नसेल तर एकेका जोडावरून कोरडं फडकं फिरवा. मग तोंड उघडून लिंबाएवढा चेंडू बादलीभर पाण्याबरोबर सोडा. आमचा दुसऱ्या खेपेला चेंबरमध्ये टपकन पडला, तेव्हा अण्णाच आधी हसले. त्यानंतर पाइपशेजारी टेप ताणून मी प्रत्येक वळणाचे फोटो काढले, भिंतीपासूनची मापं कागदावर लिहिली आणि तो कागद मीटरच्या पेटीत चिकटवला. त्याच दुपारी चर बुजवला.