एनमवरून फंक्शन निवडायचं तर: फर्मवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सीरियल पोर्टवरून एक बाइट येतो आणि त्यावरून कुठलं फंक्शन चालवायचं ते ठरतं. फर्मवेअरच्या (उपकरणाच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोकरीत हे काम बहुतेकांच्या वाट्याला सुरुवातीलाच येतं. नव्या मुलामुलींचा कोड तपासताना मला हमखास दिसते ती इफ-एल्सची लांबलचक रांग: 1 आला तर हे, 2 आला तर ते. चालतं तसं. पण 3 म्हणजे ‘थांब’ की ‘रीसेट’, हे पुढे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

म्हणून आधी एनम करा, म्हणजे आकड्यांना नावं देणारी यादी. सी भाषेत पहिल्या नावाला आपोआप 0 मिळतो, पुढची एकेकाने वाढतात. आकडे वायरवरून जाणार असतील तर मात्र ते स्वतः लिहा. नाहीतर कुणी मध्येच एक नाव घुसवतं, खालचे सगळे आकडे सरकतात, आणि समोरचं जुनं उपकरण ‘थांब’ म्हणून 2 पाठवतं तेव्हा आपल्याकडे 2 म्हणजे भलतंच काही झालेलं असतं.

आता स्विच, म्हणजे आकडा बघून त्याच्या केसमधला कोड चालवणारी रचना. इथे माझा एक हट्ट आहे: एनमवरच्या स्विचमध्ये डिफॉल्ट (कुठलीच केस जुळली नाही तर चालणारा भाग) लिहू नका. कॉलेजात नेमकं उलटं शिकवतात, ठाऊक आहे. पण जीसीसी या सी कंपायलरला ‘डब्ल्यू-ऑल’ (-Wall) हा पर्याय दिला, की एनममधलं एखादं नाव स्विचमध्ये राहिलं तर तो वॉर्निंग देतो. डिफॉल्ट दिसला की गप्प बसतो. नवी कमांड वाढवणारा माणूस तुम्ही नसणार. त्याला कुठे कुठे हात घालायचाय ते ही वॉर्निंगच सांगते. मग चुकीचा बाइट आला तर? प्रत्येक केसमधून रिटर्न करा आणि स्विच संपल्यावर खाली एरर परत करा. सी मध्ये एनम शेवटी पूर्णांकच. कास्ट केला, म्हणजे बळेच एनमचा प्रकार लावला, म्हणून 200 हा आकडा वैध होत नाही.

कमांड वाढल्या आणि सगळ्या फंक्शनची सही (काय घेतं आणि काय परत देतं त्याचे प्रकार) एकसारखी असली, तर फंक्शन पॉइंटरचं, म्हणजे फंक्शनच्या पत्त्यांचं, टेबल शोभतं. सी99 पासून चौकोनी कंसात एनमचं नाव लिहून त्यापुढे फंक्शन देता येतं, त्यामुळे क्रम चुकायची भीती नाही. राहिलेल्या जागी नल (रिकामा पॉइंटर) बसतो, म्हणून आधी मर्यादा तपासायची, मग नल, मगच कॉल. मर्यादेसाठी एनमच्या शेवटी ‘काउंट’ ठेवायची पद्धत आहे. पण त्याच एनमवर स्विच असेल तर कंपायलर ‘काउंट’चीही केस मागतो. मी तो आकडा वेगळा मॅक्रो (#define) करून ठेवतो.

वेगासाठी टेबल करायच्या भानगडीत पडू नका. लागोपाठ आकड्यांच्या स्विचचं जंप टेबल (कुठे उडी मारायची त्या पत्त्यांचा तक्ता) कंपायलर बरेचदा स्वतःच करतो. आणि सह्या जुळवायला सगळीकडे व्हॉइड पॉइंटर (ठरावीक प्रकार नसलेला पॉइंटर) कोंबावा लागत असेल, तर स्विचच बरा.

टेस्टिंगची स्क्रिप्ट बहुधा पायथनमध्ये लिहाल. तिथे 3.4 पासून एनम आहे, पण एनमच्या क्लासमध्ये नावाला थेट फंक्शन दिलं तर ते सदस्य न होता साधी मेथड होतं. लूप फिरवलात तर हाती काहीच लागत नाही, आणि एररही येत नाही. एनम वेगळा ठेवा, फंक्शन बाहेरच्या डिक्शनरीत.