घरचं क्रेमा कातालाना: ओव्हनशिवाय, लोखंडी उलथण्यानं

क्रेमा कातालाना हा बार्सिलोनाच्या आसपासच्या कातालुन्या प्रांताचा गोड पदार्थ. १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, तो तिथे आवर्जून केला जातो. फ्रेंच क्रेम ब्रूलेशी त्याची गल्लत होते, पण ते क्रीमचं असतं आणि ओव्हनमध्ये पाण्यात ठेवून शिजवतात. हे दुधाचं, कॉर्नफ्लोअर घालून थेट गॅसवर होतं.

चार जणांना अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचे पिवळे बलक (अंडी लहान असतील तर पाच), ८० ग्रॅम साखर, २० ग्रॅम म्हणजे सपाट अडीच टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन लिंबांची साल. वर जाळायला आणखी चार टेबलस्पून साखर. कस्टर्ड पावडर नको. तिच्या व्हॅनिलापुढे लिंबू-दालचिनी मरते.

दूध गाईचं घ्या. म्हशीचं, सहा टक्के फॅटचं वापरणार असाल तर कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅमवर आणा, नाहीतर गार झाल्यावर चमचा उभा राहील. मंडईत लिंबं निवडताना रसाळ, पातळ सालीची सोडून जाड सालीची पिवळी घ्या. अख्खं लिंबू धुऊन, पुसून, सोलाण्यानं फक्त वरची पिवळी साल काढायची. खालचा पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो, आणि रस उतरला तर दूध नासतं.

शंभर मिली गार दूध बाजूला ठेवून त्यात कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेल्यात साल आणि दालचिनी घालून उकळी आणा, गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. बाजारातली जाड दालचिनी उग्र असते, त्यामुळे तुकडा वाढवू नका.

बलकांवर साखर घातली की लगेच फेटा. तशीच पडून राहिली तर बलक आकसून गोळ्या होतात, त्या पुढे विरघळत नाहीत. त्यात कॉर्नफ्लोअरचं दूध, मग कोमट दूध थोडं थोडं घाला. सगळं गाळून जाड बुडाच्या पातेल्यात घ्या आणि मध्यम-मंद आचेवर सतत ढवळत राहा, कडा आणि तळ खरवडत.

घात होतो तो इथे. मिश्रण जरा दाटलं की अंडं फाटेल या भीतीनं बरेच जण गॅस बंद करतात. ती भीती नुसत्या अंड्याच्या कस्टर्डला लागू आहे. इथे कॉर्नफ्लोअर अंड्याला सांभाळतं. उलट बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते उष्णतेनं मारलं नाही तर रात्रभरात स्टार्च तोडतं, आणि संध्याकाळी झकास दाट असलेलं क्रेमा सकाळी पातळ होतं. म्हणून बुडबुडे फुटायला लागल्यावरही पूर्ण एक मिनिट ढवळत शिजवा. तरी गुठळ्या दिसल्याच तर गरम असतानाच गाळून घ्या.

पसरट, उथळ भांड्यांत दोन सेंटिमीटरचा थर ओता. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेली मातीची पसरट वाटी चालेल, पण नवी असेल तर आधी पाण्यात भिजवून, पुसून घ्या. पातळ काच नको, तापलेल्या लोखंडानं तडकते. पूर्ण गार झाल्यावरच झाका, नाहीतर वाफेचं पाणी थरावर पडतं. फ्रिजमध्ये किमान चार तास. साय धरली तर धरू द्या, ती साखरेखाली जाणार आहे.

कातालुन्यात साखर जाळायला दांड्याची लोखंडी चकती तापवतात. आपल्याकडे जुनं, सपाट लोखंडी उलथणं तेच काम करतं. प्लॅस्टिकच्या मुठीचं किंवा नॉनस्टिकचं चालणार नाही. आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमध्ये अर्धवट फिरवा. पिठीसाखर केलीत तर ती करपते. थरावर पाणी दिसलं तर टिपून घ्या, मग दर वाटीला एक टेबलस्पून साखर एकसारखी पसरा. उलथणं गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, हातात जाड फडकं घ्या, खिडकी उघडा (धूर भरपूर होतो) आणि हलकेच टेकवून पुढे सरका. दाबलं तर क्रेमा चिकटून वर येतं. दर वाटीनंतर उलथणं खरवडून पुन्हा तापवा. ओटीजीच्या ग्रिलखाली साखर वितळेपर्यंत खालचं क्रेमा गरम होतं, तो मार्ग नकोच.

जाळणं वाढण्याच्या अगदी आधी, आणि पापुद्रा कडक होईपर्यंत दोन मिनिटं थांबून. जुलै-ऑगस्टच्या पुण्यातल्या दमट हवेत तो लवकर चिकट होतो, म्हणून पाहुणे ताटावर बसल्यावरच उलथणं तापत ठेवा.